भाव बाजारात, खर्च गोठ्यात

संध्याकाळची धार झाली, दूध डेअरीला गेलं, कॅन धुऊन पालथे घातले, की गोठ्यात अर्धा तास निवांत सापडतो. आजचं मनन त्या अर्ध्या तासासाठी आहे. उलट्या घमेल्यावर, पेंडीच्या पोत्यावर, गव्हाणीच्या कठड्यावर, जमेल तिथे बसा. मोबाईल घरात राहू द्या. वही आणि पेन सोबत असू द्या, पण इतक्यात उघडू नका. आज काही दुरुस्त करायचं नाही आणि कुणावर चिडायचंही नाही. नुसतं पाहायचं आहे.

दावणीला दोन-तीन गाई, एखादी म्हैस, कडेला चार शेळ्या आणि दारात दहा-बारा कोंबड्या असलेल्यांसाठी हे मनन आहे. रान एक-दोन एकर. त्यातलं निम्मं पोटापाण्याच्या पिकाला, उरलेलं वैरणीला. मालक तुम्ही, गडीही तुम्हीच.

बसल्या बसल्या मनात भाव येतील. पेंडीचं पोतं कितीला झालं, कडब्याचा शेकडा कुठे पोचला, फॅट कमी लागलं म्हणून लिटरमागे किती कापले. येऊ द्या. फक्त प्रत्येक भावाला एकच प्रश्न विचारा: हा ठरवणं माझ्या हातात आहे का? सरकी पेंडीचा भाव कापसाच्या पिकावर हलतो, सोयाबीन पेंडीचा तेलाच्या आणि निर्यातीच्या बाजारावर, कडब्याचा परतीच्या पावसावर. दुधाच्या उत्पादनखर्चात साधारण 60 ते 70 टक्के वाटा एकट्या वैरण-खुराकाचा असतो, म्हणून या भावांची धास्ती वाटणं साहजिक आहे. पण त्यांपैकी एकही भाव तुम्हाला विचारून ठरत नाही.

आता नजर गंजीकडून गव्हाणीकडे आणा. मधली वीस-पंचवीस पावलं तुमची आहेत. घेतलेल्या वैरणीतली किती जनावराच्या पोटात जाते आणि किती वाटेत जिरते, हे या पावलांत ठरतं. उरलेला वेळ आपण इथेच राहणार आहोत.

रवंथ

बसून रवंथ करणारी एक गाय निवडा. तिच्या मानेवर नजर ठेवा. खालून एक गोळा वर सरकताना दिसेल. तो तोंडात पोचला की जबडा आडवा फिरू लागेल. मनातल्या मनात मोजा. गोळा गिळला की ती दोन-चार क्षण थांबते. तुम्हीही थांबा. पुढचा गोळा आला की पुन्हा पहिल्यापासून मोजा. असे तीन गोळे मोजून होईपर्यंत पुढे वाचू नका.

पोट ठीक असलेली गाय एका गोळ्याला साधारण 50 ते 70 वेळा चघळते. दिवसाचे सात-आठ तास तिचं हे काम चालतं. चघळताना सुटणारी लाळ पोटात उतरते आणि तिथली आम्लता आटोक्यात ठेवते. तुमचा आकडा वारंवार चाळीसच्या आत येत असेल, तर बहुधा तिच्या आहारात तंतू कमी पडतो आहे. खुराकाचा हात सैल सुटला असेल, किंवा कुट्टी इतकी बारीक झाली असेल की चघळायला काही उरलंच नसेल. कुट्टी इंच-दीड इंचाची बरी.

शेणाकडेही पाहा. ते पातळ पसरलेलं आहे का? त्यात मक्याचे दाणे अख्खे दिसतात का? तो दाणा तुम्ही विकत आणला, भरडायला नेला, वाहून आणला आणि आता उकिरड्यावर टाकणार आहात. जास्त खुराक म्हणजे जास्त दूध, हे गणित एका हद्दीपर्यंतच चालतं. त्यापुढे घातलेली पेंड शेणातून जाते आणि वर पोटही बिघडवते. वैरण खुराकापेक्षा स्वस्त असते, आणि पोट सांभाळते ती वैरणच.

हे मोजणं रोज नको. आठवड्यातून एकदा पुरे. पण आज मोजलेला आकडा लक्षात ठेवा.

गव्हाण

उठा, गव्हाणीपाशी जा आणि हात आत घाला. वरवर बघू नका, तळापर्यंत चाचपा.

काय लागतं हाताला? बोटाएवढी जाड कांडकी लागली, तर नेपियर कापायला उशीर झाला आहे. लागण बसल्यानंतर दर 40-45 दिवसांनी कापलं, तर ते कोवळं आणि पालेदार राहतं. त्यापुढे उंची वाढते, ट्रॉली भरलेली दिसते, आणि गाय कांडं तसंच ठेवते. पानं नाहीत आणि ज्वारीची धाटं तेवढी उरली असतील, तर कडबा अख्खा टाकला गेला आहे. कुट्टी करून घातल्यावर वैरणीचा चौथा हिस्सा तरी वाचतो, हे ज्यांनी कुट्टी मशीन घेतलं त्यांना महिन्याभरात कळतं. तळाशी बुळबुळीत, आंबूस वासाचा थर लागला, तर तो कालचा किंवा परवाचा आहे. त्यावर ताजी वैरण टाकली तरी गाय हुंगून मान फिरवते. आणि वैरण गव्हाणीबाहेर पायाखाली पडली असेल, तर कठडा बुटका आहे, किंवा शेजारची गाय शिंग मारते म्हणून ही घास तोंडात धरूनच मागे सरते.

चार प्रकारचं उरणं, चार वेगळी कारणं. एकाचंही औषध दुकानात मिळत नाही.

ताणकाटा आणून हे उरलेलं एकदा तोला. समजा, एका गाईमागे रोज 3 किलो वाया जातं. वर्षाला ते 11 क्विंटलच्या आसपास भरतं. वैरणीची मका गुंठ्याला साधारण पाच क्विंटल निघते असं धरलं, तर दोन गुंठे रान तुम्ही नांगरलं, पेरलं, त्याला रात्रीच्या लाइटीत उठून पाणी दिलं, कापलं, डोक्यावरून आणलं, ते सगळं गाईच्या पायाखाली तुडवण्यासाठी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलीच गत. आता हा आकडा तुमच्या दावणीच्या संख्येने गुणा. घाबरू नका. जेवढं वाया जातं, तेवढं वाचवायलाही जागा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. चाटूनपुसून रिकामी झालेली गव्हाण पाहून खूश होऊ नका. गाय अर्धपोटी राहिली की गव्हाण अशीच दिसते. सकाळी तळाशी मूठ-दोन मूठ स्वच्छ वैरण शिल्लक दिसली, तर तिने पोटभर खाल्लं. वाया घालवायचं नाही, आणि तिच्या तोंडचं काढायचंही नाही. या दोहोंमधली जागा अरुंद आहे. ती कुठे आहे ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

पाणीही इथेच पाहून घ्या. दुभत्या गाईला दिवसाला 60 ते 80 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दोनदा बादली दाखवून ते भागत नाही. पाणी कमी पडलं की खाणं कमी होतं, आणि वैरण चांगली असूनही दूध उतरतं. पुष्कळदा दोष पेंडीच्या नावावर जातो.

गंज

आता डोळे मिटून तुमची कडब्याची गंज आठवा. वरून झाकलेली आहे का? खाली दगड किंवा लाकडं आहेत का? गेल्या वर्षी वळवाच्या पहिल्या पावसात ती किती भिजली होती? भिजलेल्या गंजीचा वरचा थर काळा पडतो आणि खालच्या थराला बुरशी लागते. आणताना मोजलेल्या पेंड्या आणि प्रत्यक्ष खायला घातलेल्या पेंड्या यांत तिथेच फरक पडतो.

मग खरेदी आठवा. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपते, तेव्हा रानोरान कडबा असतो. मालदांडीचा असेल तर जनावरं आवडीने खातात. मे महिन्यात तोच कडबा शोधत फिरावं लागतं. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, आणि तरी मार्चमध्ये हातात पैसा नसतो. म्हणून कडब्याचे पैसे दिवाळीपासून दुधाच्या पगारातून थोडे थोडे बाजूला पडायला हवेत. तसे ते पडतात का, एवढंच स्वतःला विचारा.

ओलं आणि वाळलं यांचा भाव ताडताना एक गोष्ट ध्यानात धरा. हिरव्या चाऱ्यात पाचांतले चार भाग पाणीच असतं. समजा, ओली मका 3 रुपये किलोने मिळाली. 5 किलो मक्यात कोरडा भाग 1 किलो, म्हणजे तो 15 रुपयांना पडला. कडबा 10 रुपये किलोने मिळाला आणि त्यात कोरडा भाग नव्वद टक्के धरला, तर तो 11 रुपयांना पडतो. स्वस्त दिसणारी ट्रॉली महाग निघाली. हिरव्याची गरज असतेच. त्यातली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कडब्यात तेवढी नसतात. पण पोट भरायला पाणी विकत घेऊ नये. हिरवं शक्यतो आपल्या रानातलं, बांधावरचं असावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत, फुले गुणवंत हे संकरित नेपियर एकदा लावले की तीन-चार वर्षं कापत राहता येतात. बांधावर शेवरी, हादगा असेल तर शेळ्यांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

ऊसतोड सुरू झाली की वाढे दारात येतात, कधी नुसत्या मजुरीवर. घ्या, पण त्यावरच दावण सोडून देऊ नका. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडकवून ठेवतं. सोबत दुसरी वैरण आणि रोज 50 ग्रॅम क्षार मिश्रण लागतंच. ते वाचवलं तर गाय वेळेवर माजावर येत नाही, आणि भाकड महिन्यांचा खर्च त्या पुडीच्या कितीतरी पट होतो.

जास्तीची मका असेल तर मुरघास करा. दाणे चिकात असताना कापायची, कुट्टी करायची, पिशवीत थरावर थर तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधून 45 दिवस हात लावायचा नाही. तुडवण्यात आळस केला, तर आत बुरशी तयार होते आणि वर्षाची बेगमी एका पिशवीत वाया जाते.

इथे थोडं थांबा. 2012-13 च्या दुष्काळात माण, सांगोला, आटपाडी या पट्ट्यात जनावरं चारा छावण्यांत न्यावी लागली होती. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांच्या मनात वैरण संपण्याची भीती कायमची बसली आहे. ती भीती खरी आहे. पण भीतीने आणलेली वैरण बघून घेतली जात नाही, तोलून घेतली जात नाही आणि नीट झाकलीही जात नाही. तुमच्या गंजीतला किती भाग हिशेबाने आणलेला आहे आणि किती भीतीने, हे आज शांतपणे पाहा.

पोतं

खुराकाच्या पोत्यात पडलेला डबा हातात घ्या. हाच तुमचा तराजू आहे. तो गोळी पेंडीने भरून तोला, मग गहू भुशाने भरून तोला. भुसा जवळजवळ निम्माच भरेल. पोतं बदललं आणि डबा तोच राहिला, तर गाईला कधी दुप्पट मिळतं, कधी निम्मं. डब्यावर खिळ्याने दोन खुणा करा, पेंडीची एक आणि भुशाची एक.

माप सोपं आहे. गाईच्या शरीरासाठी एक-दीड किलो, आणि त्यावर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीच्या दुधाला फॅट जास्त, म्हणून तिला दोन लिटरमागे एक किलो. म्हणजे दहा लिटरच्या गाईला साडेपाच किलोच्या आतबाहेर. हिरवा चारा उत्तम असेल तर थोडं कमी चालतं. आता आठवा, तुमच्याकडे दहा लिटरच्या गाईला आणि पाच लिटरच्या गाईला आंबोण वेगवेगळं मिळतं, की दोघींपुढे सारखीच पाटी ठेवली जाते? सारखी पाटी ठेवणाऱ्याला न्याय केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एकीचं दूध तुटतं आणि दुसरीच्या अंगावर चरबी चढते.

पोतं भिंतीला टेकलेलं आहे का? जमिनीवर आहे का? तळाशी ओल आहे का? घुशीने कोपरा कुरतडला आहे का? पेंडीचा तुकडा मोडून वास घ्या. बुरशीचा वास आला, तर ती चांगल्या पेंडीत मिसळून खपवू नका. बुरशीचं विष दुधात उतरतं, आणि ते दूध आपल्याच पोरांच्या पेल्यातही जातं.

अंथरूण

गाय जिथे बसते तिथे जा आणि दोन्ही गुडघे टेका. लाजू नका, बघायला कोणी नाही. वीस आकडे मोजा. उठल्यावर कपड्याला हात लावा.

गुडघा ओला झाला, तर तिची कास दिवसातले दहा-बारा तास त्याच ओलीत असते. गुडघा दुखला, तर तिचे ढोपर तसेच दुखतात. अशा जागी गाय बसायचं टाळते, उभी राहून दमते, रवंथ कमी करते. मघाशी मोजलेला आकडा आठवा. त्याचं कारण गव्हाणीत न सापडता या फरशीवरही सापडू शकतं.

अंथरुणाला पैसे लागतात म्हणून ते टाळलं जातं. पण आपल्या भागात अंथरूण बहुधा रानातच पडलेलं असतं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि अनेक ठिकाणी ते पेटवून दिलं जातं. सोयाबीनचं भुसकट, भाताचा पेंढा, कोकणात झाडाखालचा पातेरा, सुतारकामाचा भुसा, जे जवळ असेल ते चालतं. दोनच अटी: ते कोरडं असावं आणि त्याला बुरशी नसावी. पाचट अख्खं टाकण्यापेक्षा तोडून टाकलं तर ओल जास्त शोषतं. रोज सगळं बदलायची गरज नाही. शेण दोन वेळा उचललं आणि ओला झालेला भाग तेवढा काढला, तर तेच अंथरूण कितीतरी जास्त दिवस चालतं. जमिनीला गटारीकडे उतार असेल तर आणखी. अंथरुणाचा खर्च झाडूने आणि उताराने उतरतो.

फुकटातली एक गोष्ट: धार काढल्यावर सडाची छिद्रं अर्धा तास तरी नीट मिटलेली नसतात. त्या वेळात गाय शेणात बसली तर दगडी होण्याचा धोका वाढतो. म्हणून धार झाली की लगेच ताजी वैरण पुढे टाका. ती खात उभी राहील. वैरण तीच, फक्त वेळ बदलली. एका दगडीचं औषधपाणी, फेकून दिलेलं दूध आणि कधी कायमचं निकामी झालेलं सड यांच्या तुलनेत ट्रॉलीभर भुसकट काहीच नाही.

कोंबड्यांच्या खुराड्यात तुसाची गादी असेल, तर मूठभर तूस हातात दाबा. मूठ उघडल्यावर ते सुटलं तर ठीक, गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. बहुतेक वेळा पाण्याचं भांडं गळत असतं. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा आणि तिसरा हिस्साच भरा. काठोकाठ भरलेलं खाद्य ती चोचीने उडवते. शेळ्यांचा पाला जुडी बांधून टांगा. जमिनीवर पडलेल्या, पाय लागलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही.

उकिरडा

पहाटे गोठ्यात शिरताना डोळ्यांना झोंबणारा वास येतो का? तो अमोनिया आहे, म्हणजे मुताबरोबर आलेलं नत्र हवेत निघून चाललं आहे. तेच नत्र पुढे युरियाच्या पोत्यातून तुम्ही विकत आणता. पाचट आणि भुसकट मूत शोषून घेतात आणि ते नत्र उकिरड्यापर्यंत पोचवतात. म्हणून अंथरुणाचा खर्च वहीत लिहाल, तेव्हा त्याच्यासमोर खताची ट्रॉलीही लिहा. उकिरडा उन्हात उघडा न ठेवता सावलीत, खड्ड्यात आणि ओलसर ठेवलात, तर पुढच्या वर्षीची मका त्यावरच उभी राहील.

दावण

शेवटी दावणीकडे पाहा. एकेका जनावरापाशी सावकाश थांबा. ही किती लिटर देते? ही किती महिन्यांपासून भाकड आहे? ती कालवड का ठेवली आहे? खोंडाला गिऱ्हाईक नाही. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैल आणि खोंड विकणं अवघड झालं आहे, तेव्हा त्याचं खाणंही हिशेबात धरावंच लागेल. कुणाला काढायचं हे आत्ता ठरवू नका. कोण किती खातं, तेवढं मान्य करा.

आता वही उघडा. 400 किलोच्या एका दुभत्या गाईला रोज साधारण 20 किलो हिरवं आणि 5 किलो वाळलं लागतं. नोव्हेंबर ते जून हे आठ महिने धरले, तर एका गाईला 12 क्विंटल कडबा. तुमची एक पेंडी तोला, गंजीतल्या पेंड्या मोजा, आणि एकूण वजनाला 12 क्विंटलने भागा. येईल तो आकडा तुमच्या गंजीला पेलणाऱ्या दावणीचा आहे. वाया जाणारं थांबवून तो थोडा वाढेल, पण फार नाही. दावणीला त्यापेक्षा जास्त जनावरं असतील, तर वरच्या प्रत्येक जनावराची वैरण बाजारभावाने येणार, आणि तुमच्या हातात नसलेला भाव नेमका तिथूनच घरात शिरतो.

म्हणून वहीत दोनच ओळी लिहा. पहिल्या ओळीत या आठवड्यात बदलायची एक गोष्ट: गव्हाणीचा कठडा, डब्यावरची खूण, गंजीवरचा कागद, यांपैकी कुठलीही एक. दुसऱ्या ओळीत भागाकाराचं उत्तर. ते दावणीपेक्षा कमी आलं, तर कोणतं जनावर ठेवायचं आणि कोणतं द्यायचं, हे दिवाळीपर्यंत घरात सगळ्यांनी बसून ठरवा. एप्रिलपर्यंत थांबलात तर गावातल्या सगळ्यांचीच वैरण संपत आलेली असेल, सगळेच विकायला निघतील, आणि तुमच्या गाईची किंमत दलाल ठरवेल.